मेढ कुजते ती वीतभर जागा

नव्या कामाला सुरुवात झाली की आपण ‘मुहूर्तमेढ रोवली’ म्हणतो. मेढ म्हणजे मांडवाचा खांब. तो रोवायचा, म्हणजे मातीत गाडायचा, आणि घरच्या लाकडाच्या खांबाचं सगळं दुखणं नेमकं तिथे आहे.

पुणे जिल्ह्यात घोड नदीकाठच्या इनामगावला डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात उत्खनन केलं. इसवीसनपूर्व १६०० ते ७०० दरम्यानच्या शेतकऱ्यांची ही वस्ती. तिथल्या कुडाच्या घरांच्या मेढी कधीच मातीत मिळाल्या होत्या, हाती लागले ते त्या रोवलेले खड्डे. उलट कार्ल्याच्या चैत्यगृहात छताखालच्या सागवानी कमानी सुमारे दोन हजार वर्षं जागच्या हललेल्या नाहीत. साग टिकाऊ खराच, पण त्यांना ना पाऊस लागतो ना माती, हे जास्त महत्त्वाचं.

जमिनीत खोलवर हवा कमी, म्हणून तिथलं लाकूड सावकाश कुजतं. जमिनीवरचं भिजलं तरी वाळतं. मधल्या वीतभर पट्ट्यात मात्र ओल आणि हवा दोन्ही मिळतात, बुरशीला आणखी काय हवं! वाळवीही तिथूनच वर चढते. आमच्या गोठ्याची ऐनाची जुनी मेढ उपटली तेव्हा ती वर मांडीएवढी जाड, तळालाही बरी, आणि जमिनीलगत जेमतेम मनगटाएवढी उरली होती. बाहेरचं फिकट लाकूड भुगा होऊन हाताला आलं, आतला काळसर गाभा तेवढा शाबूत. जुनी माणसं कोवळं खोड मेढीला घेत नसत ते याचसाठी.

उपायही जुनेच. रोवायचं टोक जाळावर भाजून काढायचं, डांबर फासायचं, काजूच्या टरफलांचं तेल चोपडायचं. पुढे गॅरेजमधलं जळकं ऑइल आलं. अमावास्येच्या सुमारास तोडलेल्या लाकडाला कीड लागत नाही असंही सांगतात. मला चंद्रापेक्षा ऋतू महत्त्वाचा वाटतो: पाऊस सरल्यावर तोडलं तर सावलीत वाळवायला पुरते महिने मिळतात. सगळ्यात शहाणा उपाय वाड्यांचा, तो म्हणजे तळखडा. खांब गाडायचाच नाही, घडीव दगडावर उभा करायचा. पण मग तो हलू नये म्हणून वर तुळयांचे पक्के सांधे लागतात, सुतार लागतो. गोठ्याला, आडोशाला एवढा खर्च कोण करणार? अंगणातल्या मांडवाची तर गोष्टच निराळी. दिवाळीनंतर घालायचा आणि पावसाआधी सोडवायचा, त्यामुळे त्याच्या मेढी ओल्या मातीत राहतच नाहीत.

यावरचा रासायनिक तोडगा डेहराडूनचा आहे. तिथल्या वन संशोधन संस्थेत सोंटी कामेसम यांनी १९३३ साली तांबं, क्रोमियम आणि आर्सेनिक यांच्या क्षारांचं मिश्रण तयार केलं. ते दाब देऊन लाकडात मुरवलं की मातीतला खांबही कित्येक वर्षं टिकतो. अमेरिकेत परसातल्या डेकचे आणि कुंपणाचे हिरवट खांब अनेक दशकं याच मिश्रणाचे असत. आर्सेनिकच्या धास्तीने २००३ अखेर तिथे घरगुती बांधकामासाठी ते वापरणं उत्पादकांनी थांबवलं. आपल्याकडे घरी तोडलेल्या मेढीपर्यंत ते फारसं पोचलंच नाही.

आणि मुळात घरचं झाड तोडायचं कोणाच्या परवानगीने? शिवकालीन कारभाराचं धोरण सांगणाऱ्या आज्ञापत्रात आरमारासाठीसुद्धा रयतेच्या आंबा-फणसाला हात लावू नये, अशी ताकीद आहे, कारण ही झाडं लोकांनी लेकरांसारखी वाढवलेली असतात. एखादं जीर्ण झाड घ्यायचंच तर धन्याला राजी करून, मोल देऊन. १९६४ च्या महाराष्ट्र वृक्षतोड कायद्याने प्रश्न उलटा केला. साग, ऐन, किंजळ, खैर, जांभूळ, फणस ही अनुसूचीतली झाडं मालकालाही परवानगीवाचून तोडता येत नाहीत. म्हणजे मेढीला चालणारी बहुतेक नावं यादीत आली. हेतू चांगलाच होता. पण दोन मेढींसाठी कचेरीच्या खेपा कोण घालतो? आम्ही ऐनाच्या जागी बांधावरचा अकेशिया उभा केला, ओलाच आणि साल न काढता. चौथ्या पावसाळ्यात गोठ्याचा तो कोपरा खाली बसला. आता तिथे सिमेंटमध्ये बसवलेला लोखंडी पाईप आहे, आणि जमिनीलगत त्यालाही गंज धरू लागला आहे.