इंधनटाक्यांची देखभाल, लष्करी जेट विमानांच्या

लष्करी जेट विमानांच्या इंधनटाक्यांची तपासणी, गळतीचा शोध, दुरुस्ती व सफाई हे भू-तंत्रज्ञांचे काम. टाक्या मुख्यतः तीन प्रकारच्या असतात : पंख वा धडाची पोकळी सीलंटने (सांधे बुजवणाऱ्या लवचीक लेपाने) बंद करून केलेली अंगभूत टाकी, रबरी पिशवीची टाकी आणि बाहेर टांगलेली, उड्डाणात टाकून देता येणारी टाकी. देखभालीचा मोठा भार पहिल्या प्रकारावर पडतो.

प्रत्येक गळती लगेच दुरुस्त करतात असे नाही. अमेरिकी हवाई दलाच्या पद्धतीत ओला भाग पुसून 30 मिनिटांनी डाग मोजतात व त्यावरून गळतीचा वर्ग ठरवतात. साधारण 19 मिमी. पर्यंतचा डाग मंद झिरप, तर थेंब पडू लागल्यास वाहती गळती. बाहेर डाग दिसतो तेथेच आत छिद्र असेल, याची खात्री नसते. इंधन सांध्यांतून बरेच अंतर वाहत जाते. टाकीत उतरण्यापूर्वी इंधन काढून हवा खेळवतात, प्राणवायू (किमान 19.5 टक्के) व ज्वलनशील वाफ मोजतात आणि तोंडाशी एक मदतनीस ठेवतात.

सीलंट का निकामी होते, याविषयी मतभेद आहेत. एसआर-71 हे अमेरिकेचे अतिवेगवान टेहळणी विमान जमिनीवर गळत असे, त्याचे कारण लोकप्रिय लेखनात मुद्दाम सोडलेल्या फटी असे दिले जाते. वारंवार तापण्या-थंडावण्याने सीलंट भेगाळत असे, ही उपपत्ती अधिक ग्राह्य वाटते. एफ-111 या अमेरिकी बनावटीच्या बाँबफेकी विमानात मात्र रासायनिक विघटनाला महत्त्व दिले जाते : त्यातील पॉलिएस्टर सीलंट उष्णता व आर्द्रतेने मऊ पडत असे. ऑस्ट्रेलियाच्या हवाई दलाने ॲम्बर्ली तळावर 1977 पासून टप्प्याटप्प्याने जुने सीलंट काढून नवे बसवले. अरुंद टाक्यांत शिरून, तीव्र द्रावके वापरून करायच्या या कामात तंत्रज्ञांच्या तक्रारी वाढल्या व जानेवारी 2000 मध्ये ते थांबवण्यात आले. चौकशी मंडळाचा अहवाल 2001 मध्ये आला. विशिष्ट द्रावक व विशिष्ट आजार यांचा संबंध जोडताना सावधगिरी हवी. पण संरक्षक साधने व देखरेख अपुरी होती, याविषयी फारशी शंका उरत नाही.

तळाशी साचणारे पाणी नियमित काढावे लागते. पाणी व केरोसीन (जेट इंधन) यांच्या सीमेवर बुरशी वाढते, गाळण्या तुंबतात आणि तिच्या आम्लांमुळे ॲल्युमिनियम गंजते.