रक्ताने भिजलेले कपडे पन्नीत बांधू नका

शेताच्या धुऱ्यावरून (बांधावरून) भांडण पेटलं, कुणाचा तरी सदरा रक्ताने भिजला, की घरचे आधी पन्नी, म्हणजे प्लास्टिकची पिशवी शोधतात. कपडा आत घालून गाठ पक्की मारली म्हणजे पुरावा सुरक्षित, असा समज विदर्भातल्या गावांत मुरलेला आहे. तो चुकीचा आहे, आणि त्यापायी चांगला पुरावा हातचा जातो.

पॉलिथिनमधून पाण्याची वाफ जवळजवळ बाहेर पडत नाही. ओला कपडा आत कोंडतो, पन्नीला आतून थेंब धरतात, जिवाणू आणि बुरशी वाढते, रक्तातला डीएनए तुटत जातो. पारा ४५ अंशांवर असतो तेव्हा ही नासाडी आणखी झपाट्याने होते. खताच्या जुन्या पिशवीत तर आधीचीच घाण असते.

म्हणून कपडा धुऊ नका, झटकू नका. पोलिस येईपर्यंत शक्यतो हातच लावू नका. लैंगिक अत्याचाराच्या प्रकरणात तर हे फारच महत्त्वाचं. पोलिसांनी ओला कपडा सावलीत सुकवून (कडक ऊनही डीएनए खराब करतं) कागदी पाकिटात सील करायचा असतो, मगच तो नागपूरच्या न्यायवैज्ञानिक (पुरावे तपासणाऱ्या) प्रयोगशाळेकडे जायला हवा.

जाळपोळीत मात्र उलटं. कागदातून रॉकेल-पेट्रोलची वाफ उडून जाते, आणि साध्या पॉलिथिनमधूनही ती हळूहळू झिरपते. त्यामुळे जळकी माती, चिंध्या घट्ट झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात किंवा खास नायलॉनच्या पिशवीत ठेवतात. नायलॉन ही वाफ बरीच अडवून धरतं.