सळईचा नट कुणी बघायचा?

एका दोरीला दोघं लटकलीत, असं समजा. दोघांनी दोरीच धरली असेल तर ज्याचं वजन त्याच्या हातावर. आता खालच्याने दोरी सोडून वरच्याचे पाय धरले. दोरीला काही फरक नाही, तिच्यावर आधीही दोघांचाच भार होता. वरच्याच्या मुठींवर मात्र तो दुप्पट झाला.

अमेरिकेत कॅन्सस सिटीतल्या हयात रीजन्सी हॉटेलात हेच झालं. लॉबीत छतापासून लोखंडी सळयांनी टांगलेले पादपूल होते. चौथ्या मजल्याचा पूल दुसऱ्या मजल्याच्या पुलाच्या बरोबर वर. मूळ आराखड्यात छतापासून निघालेली सळई वरच्या पुलातून आरपार जाऊन खालच्यालाही धरणार होती. म्हणजे वरच्या पुलाखाली नट बसवायला सळईवर लांबलचक आटे पाडायचे, आणि उभारणीच्या धसमुसळेपणात ते शाबूत ठेवायचे. कटकटच. त्यापेक्षा दोन सळया घेऊ, खालचा पूल वरच्यालाच टांगू, असं फॅब्रिकेटरने, म्हणजे पोलादी भाग बनवून देणाऱ्या कंपनीने, ठरवलं. भाग बनवण्यासाठी काढलेल्या त्यांच्या नकाशावर, म्हणजे शॉप ड्रॉइंगवर, इंजिनिअरचा शिक्काही बसला.

१७ जुलै १९८१च्या संध्याकाळी लॉबीत नाचाचा कार्यक्रम चालू होता. वरच्या पुलाची पेटीसारखी तुळई म्हणजे समोरासमोर जोडलेले दोन चॅनेल (पन्हळीसारखे पोलादी तुकडे), आणि सळईचं भोक नेमकं वेल्डिंगच्या सांध्यावर. दोन पुलांचा भार पेलणारा नट तिथूनच तुळई फाडून निघाला. दोन्ही पूल खाली आले. ११४ माणसं गेली.

यात अवघड गणित कुठेच नाही. पहिल्या वर्षाचा विद्यार्थीही ते सोडवेल. पण परीक्षेत भार छापून दिलेला असतो. ड्रॉइंगवर तो स्वतःच शोधावा लागतो: लाद्यांपासून तुळईत, तुळईतून नटावर, नटावरून सळईत, बोट ठेवत थेट छतापर्यंत. ही खोड लागायला, माझ्या मते, साइटवर एखाद्या खडूस वरिष्ठाच्या हाताखाली काढलेली वर्षंच लागतात.

चौकशीत कळलं की मूळ आराखड्यातला सळई-तुळईचा सांधासुद्धा नियमानुसार हव्या असलेल्या ताकदीच्या जेमतेम ६० टक्के होता. बदलानंतर ३० टक्के उरला. सांध्याचा हिशोब फॅब्रिकेटर करेल, असं इंजिनिअर धरून चालले होते, आणि तो इंजिनिअरने केलाच असणार, असं फॅब्रिकेटर. बदल फोनवर विचारला होता, असंही फॅब्रिकेटरचं म्हणणं होतं. असा फोन आलाच नाही, असं इंजिनिअरांचं. मिसुरी राज्याने दोन इंजिनिअरांचे परवाने रद्द केले.