तीन बेस आणि एक फ्रीज

आमच्या आईच्या मते माझ्याकडच्या तीनपैकी दोन बेस गिटार (खर्जातले सूर देणाऱ्या, जाड तारांच्या गिटार) आमच्या फ्रीजसारख्या वाजतात. आधी मला राग आला, मग एका दुपारी घरात कोणी नाही बघून मोबाईलवर सूर ओळखणारा ट्यूनर चालू केला आणि फ्रीजच्या मागे धरला, तर पठ्ठ्या चक्क जी (इंग्रजी सुरांतला G) दाखवतोय, थोडा चढा.

कारण सोपं आहे. आपल्याकडची वीज सेकंदाला ५० हेलकावे घेते, प्रत्येक हेलकाव्यात मोटरमधला लोहचुंबक दोनदा ओढ देतो, म्हणून गुणगुण येते ती मुख्यतः १०० हर्ट्झची. आणि बेसची सगळ्यात बारीक तार, जी, ती ९८ हर्ट्झची. जाड ई तारेवर तिसरा फ्रेट (दांडीवरची धातूची आडवी पट्टी) दाबला तर ४९. म्हणजे महावितरण आणि मी जवळपास एकाच पट्टीत गातो.

हा योगायोग बेसवाल्यांना फार महागात पडतो. कारण बेसचा पिकअप म्हणजे दुसरं काही नाही, लोहचुंबकाभोवती केसाएवढ्या बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. वर स्टीलची तार थरथरली की चुंबकीय क्षेत्र हलतं आणि वेढ्यांमध्ये वीज तयार होते, फॅरेडेने १८३१ साली दाखवलं तेच. पण या वेढ्यांना अक्कल नसते, तारेचं क्षेत्र हललं काय आणि ट्यूबलाइटच्या चोकचं हललं काय, दोन्ही ते इमानदारीत अँपकडे, म्हणजे आवाज मोठा करणाऱ्या यंत्राकडे, पाठवतात. लिओ फेंडरने १९५१ मध्ये कॅलिफोर्नियात प्रिसिजन बेस काढला (हा माणूस मुळात रेडिओ दुरुस्त करणारा, स्वतः गिटार वाजवायचा नाही), त्याचा पिकअप असाच गुणगुणायचा. १९५७ मध्ये त्याच बेसवर दोन तुकड्यांचा पिकअप आला, एक तुकडा ई आणि ए तारांखाली, दुसरा डी आणि जी खाली. दुसऱ्याचे वेढे उलटे आणि चुंबकही उलटा. बाहेरून आलेली गुणगुण फक्त वेढे बघते, त्यामुळे एकीकडे अधिक, दुसरीकडे उणे, बेरीज जवळपास शून्य. तारेचा आवाज मात्र वेढे आणि चुंबक दोन्ही बघतो, म्हणजे दोनदा उलटा, म्हणजे सुलटाच, तो टिकतो. सत्तर वर्षं होत आली, ही युक्ती अजून तशीच चालू आहे. मला विचाराल तर बेसच्या सगळ्या इतिहासात एवढी स्वस्त आणि एवढी हुशार गोष्ट दुसरी झाली नाही.

फ्रीजवरून आठवलं, अँपेगचा १९६९ चा एसव्हीटी नावाचा ३०० वॅटचा अँप आणि त्याबरोबरचा आठ स्पीकरवाला उभा कॅबिनेट, त्याला वादक मंडळी खरंच फ्रीज म्हणतात. एवढा मोठा का, तर आपला कान खालच्या सुरांना ठार बहिरा. फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्ये हे मोजून दाखवलं. हळू आवाजात ४० हर्ट्झचा सूर १००० हर्ट्झच्या बरोबरीने ऐकू यायचा असेल तर हजारो पट जास्त ऊर्जा ओतावी लागते. तरी मग मोबाईलच्या चिमुकल्या स्पीकरवर बेस ऐकू येतो तो कसा? येत नाहीच खरं तर. ई तार ४१ हर्ट्झची, तो स्पीकर ४१ काढूच शकत नाही, पण ८२, १२३, १६५ हे वरचे सूर जेवढे निघतात त्यांच्यातलं अंतर ४१ चं आहे हे मेंदू ओळखतो आणि खालचा सूर स्वतःच्या खिशातून भरतो.

आता माझा तिसरा बेस. तो फ्रेटलेस, म्हणजे फ्रेटबोर्डवर पट्ट्याच नाहीत, सपाट लाकूड. त्याबद्दल आई म्हणाली, "हा जरा तंबोऱ्यासारखा बोलतो रे." ती आठवड्यातून एकदा भजनी मंडळात तंबोऱ्याजवळ बसते, तिला एसव्हीटी माहीत नाही पण जवारी (तंबोऱ्याच्या घोडीवरून येणारी झणकार) माहीत आहे. आणि यावेळीही तिचं बरोबर निघालं.

मूळ सुराबरोबर त्याच्या दुप्पट, तिप्पट असे जे वरचे सूर निघतात ते उपस्वर. तार आपण जिथे छेडतो तिथे ज्या उपस्वराचा स्थिर बिंदू (तार जिथे हलतच नाही ती जागा) असतो तो उपस्वर आवाजात येऊच नये असा नियम आहे. बरोबर मध्यावर छेडली तर दुसरा गायब, तिसऱ्या भागावर छेडली तर तिसरा गायब. सी. व्ही. रामन यांनी १९२१ मध्ये तंबोरा आणि वीणेवर एक टिपण लिहिलं, त्यात त्यांनी दाखवलं की ही वाद्यं हा नियम खुशाल मोडतात, जे उपस्वर गायब असायला हवेत ते ठणठणीत ऐकू येतात. कारण घोडी वरून बाकदार, तार त्या बाकावर प्रत्येक हेलकाव्याला घासत टेकते आणि सुटते, त्यात ऊर्जा एका उपस्वरातून दुसऱ्यात सांडत जाते. म्हणून तर खर्जाच्या तारेतून स्वयंभू गंधार ऐकू येतो. फ्रेटलेसवर धातूची धारदार पट्टी नसते, बोटाच्या पुढे तार लाकडाला हलकेच घासत राहते, म्हणून सूर लागल्यावर तो "म्वाऽऽ" करत फुलतो. तबियत तीच आहे, फक्त तंबोऱ्याच्या घोडीवर घडतं ते इथे बोटाखाली घडतं. हे कळल्यावर मी दोन दिवस हवेत होतो.

पिकअपच्या जागेलाही हाच नियम लागतो. तारेच्या ज्या बिंदूखाली पिकअप बसवलाय तिथे ज्या उपस्वराचा स्थिर बिंदू, तो पिकअपला ऐकूच येत नाही. ब्रिजजवळ, म्हणजे बेसच्या घोडीजवळ, ठेवला तर आवाज कडक आणि नाकातला, नेककडे, म्हणजे दांडीकडे, सरकवला की गोल. लोक हजारो रुपयांचे पिकअप बदलत बसतात, पण दोन पिकअपमधल्या फरकापेक्षा तोच पिकअप चार सेंटिमीटर सरकवल्याचा फरक जास्त असतो असं माझं प्रामाणिक मत आहे, फक्त सरकवायला करवत लागते म्हणून कोणी सरकवत नाही. आणि कस्टम वाद्याचा खरा फायदा मला इथेच दिसतो, जागा आधीच ठरवता येते.

कस्टम म्हटलं की आपल्याला वाटतं रॉकस्टारचे लाड. पण मिरजेत तंबोरा घ्यायला जा, आधी विचारतील पट्टी कोणती, काळी एक की पांढरी चार, आणि त्यावरून भोपळा केवढा, दांडी केवढी, तारा कुठल्या, मग जवारी लावून घ्यायची. माप दिल्याशिवाय वाद्य नाही ही आपल्याकडची जुनीच रीत आहे. बेसवाले तिथे उशिरा पोचले. सत्तरच्या दशकात अँथनी जॅक्सन या अमेरिकन बेसवाल्याला चार तारा पुरेनात, त्याने कार्ल थॉम्पसन नावाच्या कारागिराकडून सहा तारांचा बेस बनवून घेतला, १९७५ मध्ये. त्यात ईच्या खाली बी आला, ३१ हर्ट्झचा. आणि बी आला तशी भानगड सुरू झाली.

नेहमीच्या बेसवर तारेची लांबी ३४ इंच. एवढ्या लांबीत ३१ हर्ट्झ काढायचे तर तार दोराएवढी जाड तरी हवी नाहीतर ढिली तरी सोडावी लागते. ढिली सोडली तर फडफडते, जाड केली तर ती तारेपेक्षा सळईसारखी वागायला लागते, तिचे उपस्वर चढे निघतात आणि सूर चिखलात पाय टाकल्यासारखा येतो. उपाय लांबीत आहे. तीच तार, तोच सूर, लांबी ३४ ची ३७ इंच केली तर ताण लांबीच्या वर्गाने वाढतो, म्हणजे साधारण १८ टक्के. कॅनडातल्या सॅस्कटून गावचे डिंगवॉल बेस बहुतेक असेच असतात, जाड तार ३७ इंच, बारीक ३४, त्यामुळे फ्रेट जपानी पंख्यासारखे तिरके उघडलेले. पहिल्यांदा बघितल्यावर वाटतं कोणीतरी उन्हात विसरला आणि वाकडा झाला.

आता नेक. चार तारांचा मिळून ताण ७० ते ८० किलोच्या घरात, म्हणजे एक धडधाकट माणूस चोवीस तास नेकला लोंबकळतोय असं समजा. आत पोलादी ट्रस रॉड असतो म्हणून निभावतं. आमच्याकडे जूनमध्ये पाऊस लागला की लाकूड हवेतलं पाणी पितं, नेक हलतो, तारा वर जातात, आणि मी पाना घेऊन बसतो, दरवर्षी. पण नेकचा खरा उपद्व्याप वेगळाच आहे. त्याला स्वतःचा एक सूर असतो. तुम्ही नेमका तोच सूर वाजवलात की नेक थरथरायला लागतो, तारेची ऊर्जा पिऊन टाकतो आणि सूर दोन सेकंदात मरतो. याला डेड स्पॉट म्हणतात, फेंडर पद्धतीच्या बेसवर तो बहुतेक वेळा जी तारेवर पाचव्या ते सातव्या फ्रेटच्या आसपास असतो. जर्मनीत हेल्मुट फ्लायशर यांनी नेकवर हे बारकाईने मोजलं. माझ्या एका बेसवर तो सहाव्याला आहे, विकणाऱ्याने अर्थातच सांगितलं नव्हतं. हेडस्टॉकला, म्हणजे नेकच्या खुंट्यांच्या टोकाला, छोटं वजन अडकवलं की नेकचा सूर खाली सरकतो आणि डेड स्पॉट शेजारच्या घरी राहायला जातो, पूर्ण जात नाही. ज्यांना तो घालवायचाच होता त्यांनी लाकूडच सोडलं, ७० च्या दशकात कार्बन फायबरचे नेक आले, आणि १९८० च्या सुमारास नेड स्टाइनबर्गरने हेडस्टॉकच उडवून टाकला. न्हाव्याकडून आल्यासारखा दिसतो तो बेस, पण आहे भक्कम.

लाकडाचं मात्र मला सांभाळून बोलायला लागतं, कारण यावरून मित्र तुटतात. फ्रेटबोर्डला जगभर आवडतं ते रोजवूड, त्यातलं बरंचसं भारतीय, म्हणजे आपला शिसव, आजीच्या घरच्या झोपाळ्याचा. २०१७ मध्ये रोजवूडच्या सगळ्या जातींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर कागदपत्रांची बंधनं आली, चीनमधल्या फर्निचरच्या मागणीमुळे मुख्यतः, आणि गिटारवाले त्यात भरडले गेले, २०१९ मध्ये तयार वाद्यांना सूट मिळाली. त्या दोन-तीन वर्षांत दुसरं लाकूड लावलेले बेस लोकांनी नाकं मुरडत घेतले. पण आवाजाचं काय? इंग्लंडमधल्या लँकेस्टर विद्यापीठाने एकाच घडणीच्या सहा अकूस्टिक गिटार घेतल्या, फक्त पाठीचं आणि बाजूंचं लाकूड वेगळं, आणि ५२ वादकांना लाकूड न दाखवता वाजवायला दिल्या. २०१८ मध्ये निकाल आला, महागड्या ब्राझिलियन रोजवूडला सरासरीने स्वस्त लाकडापेक्षा फारसे वेगळे असे गुण मिळालेच नाहीत. ही पोकळ अकूस्टिकची गोष्ट, जिथे लाकूडच आवाज करतं. भरीव बेसमध्ये आवाज पिकअप उचलतो, तिथे बॉडीच्या लाकडाचा वाटा किती उरणार. दिसतं सुंदर, वजन ठरतं, नेकच्या लाकडाचा ताठपणा कामाचा, बस.

मग माणसं गोळा का करतात?

जेम्स जेमरसनचं घ्या, डेट्रॉइटच्या मोटाऊन या रेकॉर्ड कंपनीचा बेसवाला. १९६२ चा प्रिसिजन, लाडाचं नाव फंक मशीन, तारा बदलायचाच नाही. जुन्या तारांत घाम आणि मळ बसतो, वरचे उपस्वर मरतात, उरतो तो नुसता गोल ठोका, आणि तोच त्याचा आवाज. १९८३ मध्ये तो गेला, त्याच्या थोडं आधी बेस चोरीला गेला, अजून पत्ता नाही. जाको पास्टोरियस या जॅझवाल्याने फेंडरच्या १९६२ च्या जॅझ बेस नावाच्या मॉडेलचे फ्रेट काढून वर बोटींना लावतात तो इपॉक्सी फासला. तो बेस मधे फुटून परत जोडला गेला, १९८६ मध्ये न्यूयॉर्कमध्ये चोरीला गेला, वीसेक वर्षांनी त्याच शहरातल्या एका दुकानात निघाला. बीटल्सच्या पॉल मॅकार्टनीने १९६१ मध्ये हॅम्बुर्गला तीसेक पौंडांत हॉफनर कंपनीचा बेस घेतला, दोन्ही बाजूंनी सारखा म्हणून, कारण डावखुऱ्याने उलटा धरला तरी विचित्र दिसत नाही. १९७२ मध्ये चोरीला गेला, आणि सापडला ससेक्समधल्या एका माळ्यावर, ती बातमी फेब्रुवारी २०२४ ची. या तिन्ही गोष्टींत लोकांना वेड लावणारा भाग पिकअप नाही, लाकूड नाही. येल विद्यापीठाच्या मानसशास्त्रज्ञांनी २०११ मध्ये लोकांना विचारलं, तुमच्या लाडक्या प्रसिद्ध माणसाचा वापरलेला स्वेटर किती हवासा वाटतो? मग सांगितलं की तो निर्जंतुक केलाय, तर ओढ कमी झाली. मळासकट हवा होता त्यांना. फंक मशीन सापडला तर त्याच्या तारा पुसायची हिंमत कोण करेल सांगा.

आणि कधी कधी संग्रह नाइलाजाने सुरू होतो. द हू या इंग्लिश रॉक बँडचा बेसवाला जॉन एंटविसल सांगायचा की साठच्या दशकात डॅनइलेक्ट्रो बेसच्या बारीक तारा इंग्लंडात सुट्या मिळेनात, म्हणून तार तुटली की तो नवा बेसच घ्यायचा. पुढे ती सवय कुठल्या कुठे गेली, मोडक्या प्रिसिजनचे तुकडे जोडून त्याने फ्रँकेनस्टाइन नावाचा एक बनवला, आणि २००२ मध्ये तो गेल्यावर सदबीज या लिलाव कंपनीला त्याच्या वाद्यांचा स्वतंत्र लिलाव करावा लागला.

माझे तीनच आहेत. परवा एका मित्राला बोलावलं, तारा तिन्हींवर एकाच कंपनीच्या आणि एकाच दिवशी घातलेल्या, मी भिंतीकडे तोंड करून बसलो आणि तो एकच धून आलटून पालटून वाजवत राहिला, प्रत्येक बेस पाच वेळा. फ्रेटलेस पाचही वेळा ओळखला. उरलेल्या दोघांत दहापैकी सहा बरोबर, म्हणजे नाणं उडवलं असतं तरी साधारण एवढेच आले असते, आणि त्यातला एक दुसऱ्याच्या चौपट किमतीचा आहे. मग मित्राने जी तारेवर सहावा फ्रेट दाबून धरला, सूर लगेच मेला, आणि मी न वळता म्हणालो, हा महागातला.