आडनाव एक, भावकी वेगळी : गंधक, सल्फा आणि सल्फाइट

गोळी घेतल्यावर अंगभर पुरळ उठतं, डॉक्टर फाइलवर लाल शाईने ‘सल्फा ॲलर्जी’ असं लिहितात आणि माणूस घरी येऊन पथ्याला लागतो. सल्फा म्हणजे सल्फर, सल्फर म्हणजे गंधक आणि गंधक तर कांदा, लसूण, कोबी, अंडी सगळ्यांत असतो. मग हे सगळं बंद! तर्क ऐकायला सरळ वाटतो, पण पहिल्याच पायरीवर त्याचा पाय घसरलेला आहे.

गंधकाचं वावडं असलेला माणूस जगूच शकणार नाही. प्रौढ माणसाच्या शरीरात साधारण 140 ग्रॅम गंधक असतो. मेथिओनिन आणि सिस्टीन ही दोन अमिनो आम्लं त्याच्याशिवाय बनत नाहीत आणि त्यांतलं मेथिओनिन तर अन्नातूनच मिळवावं लागतं. इन्शुलिनच्या दोन साखळ्या गंधकाच्याच पुलांनी एकमेकींना धरून असतात. केस जळताना जो उग्र वास येतो त्यातही केसांमधल्या गंधकाचा मोठा वाटा असतो. लसणाची ॲलर्जी काही जणांना असते, नाही असं नाही. पण ती लसणातल्या विशिष्ट प्रथिनांची असते. सतत लसूण सोलून बोटांची कातडी फाटणाऱ्या स्वयंपाक्यांमध्ये डायअलाइल डायसल्फाइड या एका रेणूवर बोट ठेवता येतं. त्या रेणूत गंधक आहे हे खरं, पण त्वचा ओळखते तो अख्खा रेणू. त्या स्वयंपाक्याला अंडं खाऊन काही होत नाही.

आता सल्फा. या नावामागे औषधांची एक गोष्ट आहे. जर्मनीत गेरहार्ड डोमाक या जंतुशास्त्रज्ञांना 1932 साली प्रॉन्टोसिल नावाच्या एका लाल रंगाचा औषधी गुण सापडला. जंतुसंसर्ग झालेले उंदीर त्याने वाचत होते, पण परीक्षानळीत मात्र तो जंतूंना काहीच करत नव्हता. कोडं सुटलं 1935 मध्ये, पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये. शरीरात गेल्यावर त्या रंगाचे तुकडे होतात आणि खरं काम करतो तो त्यातला सल्फानिलमाइड नावाचा तुकडा. या घराण्यातली औषधं पुढे ‘सल्फा’ म्हणून ओळखली जाऊ लागली. पेनिसिलिन येईपर्यंत जंतुसंसर्गावर भिस्त होती ती त्यांचीच. आज या घराण्यातलं सर्वांत ओळखीचं औषध म्हणजे ट्रायमेथोप्रिम या दुसऱ्या जंतुनाशक औषधाच्या जोडीने दिलं जाणारं सल्फामेथॉक्साझोल.

ॲलर्जी होते ती या औषधांच्या रेणूच्या घडणीमुळे. त्यांच्या बेंझिन कड्याला एका टोकाशी अमाइन हा नायट्रोजनचा गट चिकटलेला असतो. यकृतात त्याचं रूपांतर होऊन जे पदार्थ तयार होतात ते शरीरातल्या प्रथिनांना जाऊन चिकटतात, आणि प्रतिकारयंत्रणेला आपलंच प्रथिन परकं वाटू लागतं. पुरळ बहुधा पहिल्या गोळीनंतर लगेच येत नाही, आठवडा-दोन आठवड्यांनी येतं. क्वचित प्रकरण फार गंभीर होतं. तोंड, डोळे सोलवटतात, त्वचेवर फोड येऊन ती सुटू लागते. याला स्टीव्हन्स-जॉन्सन सिंड्रोम म्हणतात, आणि हे एकदा झालेल्या माणसाला ते औषध पुन्हा कधीही देत नाहीत. म्हणून फाइलवरची ती लाल नोंद महत्त्वाचीच आहे. फक्त ती औषधाच्या दुकानात दाखवायची आहे, स्वयंपाकघरात नाही. सल्फाची ॲलर्जी असलेल्याने टाळावा असा एकही खाद्यपदार्थ नाही.

औषधांच्या बाबतीतही नावावरून घाबरून चालत नाही. लोहाच्या गोळीतलं फेरस सल्फेट किंवा दम्याच्या पंपातलं साल्ब्युटामॉल सल्फेट हे क्षार आहेत, सल्फाशी त्यांचं नातं नाही. फ्युरोसेमाइडसारख्या लघवी वाढवणाऱ्या औषधांत सल्फा औषधांसारखाच सल्फोनमाइड हा गंधकाचा गट असतो, पण तो त्रासदायक अमाइन त्या जागी नसतो, त्यामुळे सल्फा बाधणाऱ्या बहुतेकांना ती चालतात. आतड्याच्या सुजेवर दिलं जाणारं सल्फासॅलाझिन मात्र अपवाद आहे. आतड्यात त्याचे दोन तुकडे होतात आणि त्यांतला एक अस्सल सल्फा निघतो. त्यामुळे यादी डॉक्टरांसोबत बसूनच तपासावी, मनाने औषधं बंद करू नयेत.

खाण्याचा प्रश्न खरा येतो तो सल्फाइटपाशी, म्हणजे अन्न टिकवण्यासाठी घातल्या जाणाऱ्या सल्फर डायऑक्साइड वायूपाशी आणि त्याच्या क्षारांपाशी, आणि गंमत म्हणजे ज्यांनी तिकडे पाहायला हवं त्यांनाच बहुधा हे नाव माहीत नसतं.

सुकवलेल्या जर्दाळूचे दोन प्रकार शेजारी ठेवून पाहा. एक चकचकीत केशरी, दुसरा काळपट तपकिरी. आपला हात आपोआप केशरीकडे जातो. तो रंग टिकलेला असतो सल्फर डायऑक्साइडमुळे. कापलेलं फळ काळं पडतं ते त्यातल्या विकरांमुळे (एन्झाइम), आणि सल्फाइट त्या विकरांना आवर घालतं, शिवाय जंतू आणि बुरशीलाही रोखतं. युरोपच्या नियमांनुसार सुक्या जर्दाळूत किलोमागे 2000 मिलिग्रॅमपर्यंत सल्फर डायऑक्साइड चालतो. वेष्टनावर नोंद सक्तीची होते ती किलोमागे 10 मिलिग्रॅम ओलांडल्यावर. या दोन आकड्यांमधलं अंतर पाहिलं की सल्फाइटवाल्या पदार्थांच्या यादीत जर्दाळू सर्वांत वर का असतो ते कळतं.

त्याच्यामागे सोनेरी बेदाणे (काळ्या मनुका बहुधा सल्फाइटविना असतात), वाइन, बाटलीबंद लिंबाचा आणि द्राक्षांचा रस, बटाट्याचे सुकवलेले किंवा सोलून ठेवलेले प्रकार, व्हिनेगरमधल्या भाज्या आणि कोळंबी. कोळंबीवर काळे डाग पडू नयेत म्हणून ती सल्फाइटच्या पाण्यात बुडवतात. ताजी फळं-भाज्या सहसा निर्धोक. द्राक्षं मात्र साठवणीत सल्फर डायऑक्साइडची धुरी घेऊन आलेली असू शकतात. ‘सल्फाइट न घातलेली’ वाइनही पूर्ण मोकळी नसते, कारण आंबवताना यीस्ट स्वतःच थोडं सल्फाइट तयार करतं. आणि रेड वाइनने डोकं दुखतं त्याचं खापर सल्फाइटवर फोडणाऱ्यांनी एवढं लक्षात घ्यावं की व्हाइट वाइनमध्ये ते सहसा जास्त असतं.

वेष्टनावर ‘सल्फाइट’ हा शब्द असेलच असं नाही. सोडियम किंवा पोटॅशियम मेटाबायसल्फाइट, बायसल्फाइट, सल्फर डायऑक्साइड, नाहीतर नुसते 220 ते 228 यांच्यातले आकडे शोधायचे. धुऊन किंवा शिजवून ते पुरतं निघून जात नाही.

त्रास होतो तो मुख्यतः दमेकऱ्यांना, त्यातही ज्यांचा दमा आटोक्यात नाही त्यांना. आंबट पदार्थात सल्फाइटमधून वायू सुटतो, घोट घेताना तो श्वासात जातो आणि संवेदनशील श्वासनलिका काही मिनिटांत आकसतात. अनेकदा प्रतिकारयंत्रणेचा यात हातच नसतो, म्हणून त्वचेवरची चाचणी कोरी येते आणि खात्री करायला दवाखान्यात देखरेखीखाली थोडं थोडं सल्फाइट देऊन पाहावं लागतं. बाकीच्यांना सहसा काही होत नाही. आपलं शरीर स्वतःच रोज अमिनो आम्लं मोडताना सल्फाइट तयार करतं आणि सल्फाइट ऑक्सिडेज हे विकर त्याचं निरुपद्रवी सल्फेट करून टाकतं. अमेरिकेत 1980 च्या दशकात हॉटेलांतल्या सॅलडच्या टेबलांवर पानं टवटवीत दिसावीत म्हणून सल्फाइट फवारत असत. दम्याचे जीवघेणे झटके आले, काही माणसं दगावली, आणि 1986 मध्ये कच्च्या खायच्या फळं-भाज्यांवर त्याचा वापर बंद झाला.

एक विरोधाभास सल्फाइट बाधणाऱ्या माणसाच्या घरच्यांना माहीत असलेला बरा. तीव्र ॲलर्जीत जीव वाचवणाऱ्या अड्रेनलिनच्या इंजेक्शनमध्येच बहुधा टिकण्यासाठी सल्फाइट घातलेलं असतं. त्याची मात्रा अगदी थोडी असते आणि अड्रेनलिनचा परिणाम तिच्यावर मात करतो. त्यामुळे अशा वेळी वेष्टन वाचत बसायचं नसतं, इंजेक्शन लगेच द्यायचं असतं.