पोर्शे 909 बेर्गस्पायडर (1:18): जोडायला बसण्याआधी

शर्यतीच्या या गाडीच्या मॉडेल किटच्या डब्यात गोटीएवढा एक रुपेरी गोळा आहे. पहिल्या खेपेच्या वेळी काही ग्राहकांनी तो ‘चुकून आलेला भाग’ म्हणून आम्हाला परत पाठवला होता. कृपया टाकू नका, ती या गाडीची पेट्रोलची टाकी आहे!

खरी टाकी टायटॅनियमची होती, 15 लिटरची. आतलं पेट्रोल नायट्रोजनच्या दाबानं इंजिनाकडे जायचं, त्यामुळे पंप लागायचा नाही. पंप नाही म्हणजे त्याचं वजनही नाही. ही गाडी समजून घ्यायची तर एवढं एक सूत्र पुरतं.

गाडी बनली ती 1968 सालच्या युरोपीय डोंगरचढाईच्या स्पर्धेसाठी. पायथ्यापासून एका वेळी एकच गाडी सुटते, माथ्यावर वेळ मोजतात, ज्याला सर्वांत कमी वेळ लागला तो जिंकला. फ्रान्समधल्या माँ व्हाँतूसारखा लांब घाटसुद्धा दहा मिनिटांच्या आसपास संपायचा. मग मोठी टाकी हवी कशाला? इंजिन दोन लिटरचं, आठ सिलिंडरचं, साधारण 275 अश्वशक्तीचं. आणि अख्ख्या गाडीचं वजन जेमतेम 385 किलो. आपल्याकडच्या दोन बुलेट एकत्र तोलल्या तर काटा तिथेच थांबेल.

आता सीट. चौकटीत ती फार पुढे बसते आणि चालकाचे पाय पुढच्या आसाच्याही (ॲक्सलच्याही) पलीकडे जातात. साचा चुकलेला नाही. गिअरबॉक्स मागच्या आसाच्या पुढे घेतल्यामुळे इंजिन पुढे सरकलं आणि चालकही. भार गाडीच्या मध्याकडे आला की घाटातल्या वळणांवर ती चटकन वळते. कृपया सीट घासून मागे सरकवू नका. तसं केलेली मॉडेलं आम्ही पाहिली आहेत आणि फार वाईट वाटलं.

ब्रेकच्या चकत्या मूळ गाडीत बेरिलियमच्या होत्या. हा धातू विलक्षण हलका, पण त्याची धूळ फुप्फुसांना घातक. किटमधल्या चकत्या साध्या ॲल्युमिनियमच्या आहेत, बिनधास्त घासा. फक्त रेझिनचे भाग घासताना मास्क लावा आणि पाण्याचा पॉलिश पेपर वापरा.

909 फक्त दोनदा शर्यतीत उतरली, ऑस्ट्रियात गाइसबेर्गला आणि नंतर माँ व्हाँतूला. चालवायला रोल्फ श्टोमेलेन होता. जिंकली एकदाही नाही. त्या वर्षीचं विजेतेपद पोर्शेच्याच जुन्या 910 मधून गेरहार्ड मिटरनं नेलं. तरीही किटसाठी आम्ही 909च निवडली, कारण तिच्याच रचनेवरून पोर्शेची 908/03 तयार झाली आणि त्या गाडीनं 1970 साली सिसिलीतली टार्गा फ्लोरिओ ही शर्यत जिंकली.

गोळा शेवटी चिकटवा. सुपरग्लूची वाफ लागली तर त्यावर पांढुरका थर धरतो, म्हणून तिथे इपॉक्सीच वापरा.