मांबासा
मांबासा : काँगो लोकशाही प्रजासत्ताकाच्या ईशान्येकडील ईटुरी प्रांतातील प्रशासकीय विभाग (तेरितुआर) व त्याचे ठाणे. क्षेत्रफळ सुमारे ३६,८०० चौ. किमी., म्हणजे प्रांताच्या निम्म्याहून अधिक. विषुववृत्ताच्या किंचित उत्तरेस असलेला हा प्रदेश बहुतांशी ईटुरीच्या सदाहरित अरण्याने व्यापलेला आहे. त्यातील मोठ्या पट्ट्यांत गिल्बर्टिओडेंड्रॉन या एकाच जातीच्या वृक्षांचे प्राबल्य आढळते.

विभागाचे सात पारंपरिक मुलूख (शेफरी) पडतात : मांबासा, बांदाका, बोंबो, बाबिला-बाबोंबी, बाबिला-बाक्वांझा, वालेसे-डेसे व वालेसे-कारो. प्रशासक शासननियुक्त असतो. शेफरीचा प्रमुख मात्र परंपरेने मुखियांच्या घराण्यातून येतो.

लेसे, बिला, न्डाका हे येथील शेतकरी समाज. त्यांच्या शेजारी अरण्यात शिकार व कंदमुळे-फळांचे संकलन करून राहणारे ते म्बुटी. (‘बांबुटी’ हे रूपही आढळते, त्यातील ‘बा’ हा अनेकवचनी उपसर्ग होय.) म्बुटींपैकी एफे गट धनुष्यबाणाने शिकार करतो व त्याची भाषा लेसेसारखीच आहे; सुआ गट जाळ्यांनी शिकार करतो व बिलाशी निकटची बांटू (मध्य व दक्षिण आफ्रिकेतील एक मोठे भाषाकुल) भाषा बोलतो. जाळी अर्धवर्तुळात लावून पुरुष त्यांच्यामागे थांबतात. बायका-मुले ओरडत डुइकर हरणे जाळ्यांकडे हाकतात. झोपडी बायकाच बांधतात : कोवळ्या फांद्या वाकवून जमिनीत रोवायच्या आणि मोंगोंगोची रुंद पाने खालून वर, कौलांसारखी एकावर एक अडकवत न्यायची. मांस व मध देऊन केळी आणि कसावा घेणे हा शेतकऱ्यांशी होणारा जुना व्यवहार.

म्बुटी शेतीच्या आधाराविना अरण्यात जगू शकले असते काय, हा वादाचा विषय आहे. मानवशास्त्रज्ञ टी. एन. हेडलँड (१९८७) आणि आर. सी. बेली व सहकारी (१९८९) यांच्या मते सदाहरित वनात जंगली कंद व इतर पिष्टमय अन्न फार विरळ व ऋतुनिष्ठ असल्याने निव्वळ संकलनावर जगणे अशक्यप्राय आहे. बाउशे व इतरांनी जंगली रताळुकंदांच्या (यॅम) उपलब्धतेच्या आधारे यास हरकत घेतली. ईटुरीतील शैलाश्रयांत पुरातत्त्वज्ञ हुलिओ मेर्कादेर यांना प्लाइस्टोसीनच्या अखेरच्या काळातील, म्हणजे शेतीच्या कितीतरी आधीच्या, वस्तीचे अवशेष मिळाले. या पुराव्याने हेडलँड यांची भूमिका बरीच दुर्बळ होते. मात्र ते वस्तीकर म्हणजे आजच्या म्बुटींचेच पूर्वज, असा निष्कर्ष त्यातून काढता येत नाही. एफे व सुआ यांनी शेजाऱ्यांच्या भाषा केव्हा स्वीकारल्या, याचे कालनिर्धारणही यामुळेच अवघड ठरते.

१८८७-८८ मध्ये समन्वेषक एच. एम. स्टॅन्ली यांनी हे अरण्य पार केले. ओकापी हा जिराफकुलातील प्राणी १९०१ मध्ये शास्त्रज्ञांच्या नोंदीत आला. तो प्रामुख्याने याच वनांत आढळतो. १९९२ मध्ये ओकापी अभयारण्य स्थापन झाले. १९९६ मध्ये ते जागतिक वारसास्थळ ठरले आणि पुढच्याच वर्षी धोक्यातील स्थळांच्या यादीत गेले. २४ जून २०१२ रोजी अभयारण्याच्या एपुलू येथील केंद्रावर सशस्त्र टोळीने हल्ला केला. त्यात माणसे दगावलीच, शिवाय केंद्रातील चौदा ओकापींनाही ठार करण्यात आले. २००२ च्या अखेरीस मांबासा परिसरात बंडखोर गटांनी नागरिकांवर, विशेषतः नांदे समाज व म्बुटी यांच्यावर, केलेल्या अत्याचारांची चौकशी संयुक्त राष्ट्रांनी केली होती.

किसांगानीहून न्या-न्या, एपुलू, मांबासा, कोमांडा असा येणारा राष्ट्रीय मार्ग ४ ही येथील मुख्य वाट. त्या वाटेने इमारती लाकूड व शेतमाल बाहेर जातो. ओढ्याकाठी सोने धुण्याचे कामही मोठ्या प्रमाणावर चालते.